तांब्यावर उतरलेलं थडगं

लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये चौदाव्या शतकातला इंग्रज राजपुत्र जॉन ऑफ गाँट याचं थडगं शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. त्याला पुरलं सेंट पॉल्समध्येच, १३९९ साली, मुख्य वेदीच्या उत्तरेला. पण ते चर्च आता नाही. १६६६ च्या सप्टेंबरात लंडनला लागलेल्या आगीत ते गेलं, आणि आज दिसणारं भल्या घुमटाचं चर्च क्रिस्टोफर रेनने त्याच जागी नव्याने बांधलं.

तरी ते थडगं कसं दिसायचं हे आपल्याला बघता येतं. आगीच्या आठ वर्षं आधी, १६५८ साली, विल्यम डगडेल नावाच्या विद्वानाने सेंट पॉल्सच्या इतिहासाचं पुस्तक काढलं. त्यातली चित्रं वेन्सेस्लाउस हॉलर या मूळच्या प्रागच्या कारागिराने तांब्याच्या पत्र्यांवर कोरली. त्यातलं एक गाँटच्या थडग्याचं. उंच ओट्यावर नवरा-बायकोचे पुतळे शेजारी शेजारी आडवे, त्यांच्यावर टोकदार कळसांचं जाळीदार दगडी छत, आणि स्मारकाला टांगलेली गाँटची ढाल व भाला. आजूबाजूला चर्च नाही, माणसं नाहीत, धूळ नाही. कोऱ्या कागदावर ठेवल्यासारखं एकटं थडगं.

इंग्लंडमधल्या चर्चांतल्या सरदारांच्या स्मारकांची अशी चित्रं सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात ढिगाने छापली गेली. आज ती संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर दिसतात, जुन्या पुस्तकांच्या दुकानांत सुटी विकली जातात, आणि बहुतेक लोक ‘छान बारीक काम आहे’ म्हणून पुढे जातात. मला विचाराल तर अशा चित्राकडे साक्षीदाराची जबानी म्हणून बघावं. साक्षीदार कोण, तो स्वतः तिथे होता का, त्याला कोणी बोलावलं, आणि तो काय गाळतोय, एवढं विचारलं की चित्र बोलायला लागतं.

आधी ज्याचं थडगं त्याच्याकडे वळू. जॉन हा राजा तिसऱ्या एडवर्डचा मुलगा. जन्म १३४० चा, आजच्या बेल्जियममधल्या गेंट शहरातला. इंग्रजांच्या तोंडी गेंटचं ‘गाँट’ झालं. त्याची पहिली बायको ब्लँच ही लँकेस्टर घराण्याची वारस. लँकेस्टरच्या अफाट जमिनी आणि ड्यूकपद त्याच्याकडे आलं ते या लग्नामुळे. ब्लँच १३६८ साली गेली. सहा वर्षांनी, १३७४ मध्ये, गाँटने थडग्याचं काम हेन्री येवेल आणि थॉमस रेक या दोन गवंड्यांना दिलं. गवंडी म्हणायचं ते त्या काळच्या अर्थाने. येवेल हा राजाच्या इमारती बांधणारा देशातला पहिल्या फळीतला माणूस होता. दोघांना मिळून ४८६ पौंड मिळाले. पुतळ्यांसाठी अलाबास्टर आणलं टटबरीहून. अलाबास्टर दिसतं संगमरवरासारखं, पण असतं जिप्समच्या जातीचं, इतकं मऊ की खाणीतून काढल्यावर सुरीनेही कोरता येतं. इंग्रज शिल्पकारांचा तो लाडका दगड.

गंमत अशी की थडगं तयार झालं तेव्हा गाँट चांगला हयात होता, आणि पुढे वीसेक वर्षं जगला. ब्लँचनंतर त्याने आणखी दोन लग्नं केली. तरी मरताना त्याने जागा मागितली ती ब्लँचच्या शेजारची. त्यात प्रेम किती आणि हिशेब किती हे आता कोण सांगणार? पण ज्या बाईमुळे घराण्याला नाव आणि जमीन मिळाली तिच्या शेजारी, राजधानीच्या सर्वांत मोठ्या चर्चमध्ये, वेदीला लागून झोपणं याचा अर्थ त्या काळच्या प्रत्येकाला कळत होता. गाँट वारला त्याच वर्षी त्याचा आणि ब्लँचचा मुलगा चौथा हेन्री म्हणून गादीवर बसला.

आता प्रश्न असा की लोक चर्चच्या आतच का पुरून घेत? उत्तर पर्गेटरीच्या कल्पनेत आहे. मध्ययुगातल्या ख्रिस्ती समजुतीप्रमाणे बहुतेक आत्मे थेट स्वर्गात जात नाहीत. मधल्या एका जागी पापं जळून निघेपर्यंत थांबतात. मागे राहिलेल्यांनी केलेल्या प्रार्थनांनी हा मुक्काम कमी होतो. म्हणून श्रीमंत माणूस मृत्युपत्रात जमीन लावून द्यायचा आणि तिच्या उत्पन्नावर नेमलेले पाद्री त्याच्या नावाने रोज प्रार्थना म्हणायचे. आपल्याकडे देवळात नंदादीपासाठी इनाम लावून देत, तसाच काहीसा कारभार. थडगं जितकं वेदीजवळ, जितकं देखणं, तितके जास्त लोक थांबणार, तितक्या जास्त प्रार्थना. गाँटच्या मृत्युपत्रात मेणबत्त्यांचाही हिशेब आहे: दहा आज्ञांच्या नावाने १० मोठ्या, येशूच्या पाच जखमांच्या नावाने ५, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या ख्रिस्ती त्रयीच्या नावाने ३. शिवाय देह ४० दिवस न पुरता ठेवावा आणि त्यात मसाले भरू नयेत, असंही त्याने लिहून ठेवलं होतं.

थोडक्यात, थडगं हे प्रार्थना मिळवण्याचं साधन होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण दीडशे वर्षांनी तीच त्याच्या मुळावर आली.

थडग्यावरची चिन्हं कशी वाचायची हे समजायला गाँटचं थडगं फारसं उपयोगी नाही, कारण ते उरलेलं नाही. त्यासाठी वॉरिक गावच्या सेंट मेरी चर्चमध्ये जाऊ. तिथल्या एका चॅपलच्या, म्हणजे छोट्या प्रार्थनाघराच्या, मधोमध वॉरिकचा अर्ल, म्हणजे बडा सरदार, रिचर्ड बोशँप झोपलाय. हा इंग्लंड-फ्रान्समधल्या शंभर वर्षांच्या युद्धातला सेनानी, लहानग्या सहाव्या हेन्रीचा शिक्षक, आणि १४३१ मध्ये फ्रान्समधल्या रुआँमध्ये जोन ऑफ आर्कवर खटला चालून तिला जाळलं तेव्हा तिथल्या किल्ल्याचा अधिकारी. १४३९ साली रुआँमध्येच वारला. त्याच्या स्मारकाची महत्त्वाची गोष्ट म्हणजे कारागिरांशी झालेले करार आपल्याला ठाऊक आहेत, आणि ठाऊक आहेत ते डगडेलनेच १६५६ मध्ये वॉरिकशरच्या इतिहासाच्या पुस्तकात छापून ठेवले म्हणून.

करार वाचताना वाटतं एखाद्या काटेकोर घरमालकाने कंत्राटदाराला लिहून दिलाय. पुतळा उत्तम प्रतीच्या लॅटनचा, म्हणजे पितळेसारख्या मिश्रधातूचा. अंगात चिलखत, कमरेला तलवार आणि खंजीर. डोक्याखाली शिरस्त्राण. पायाशी मुसकं बांधलेलं अस्वल आणि ग्रिफिन, म्हणजे गरुडाचं तोंड आणि सिंहाचं धड असलेला काल्पनिक प्राणी. पुतळा ओतला लंडनच्या विल्यम ऑस्टनने, खालचा चौथरा केला डॉर्सेटमधल्या कॉर्फच्या जॉन बोर्डने, तिथल्याच परबेक दगडात. चौथऱ्याच्या कोनाड्यांत १४ छोटे पुतळे आहेत, शोक करणाऱ्या नातेवाइकांचे. इंग्रजीत त्यांना ‘वीपर्स’, म्हणजे रडणारे, असंच म्हणतात. त्यांत पुढे ‘किंगमेकर’ म्हणून गाजलेला रिचर्ड नेव्हिल आहे. तो अर्लचा जावई. म्हणजे हे कोनाडे म्हणजे घराण्याच्या सोयरिकींचा तक्ताच, फक्त धातूत ओतलेला.

पुतळ्यावर धातूच्या कड्यांचा एक लांबट पिंजरा आहे. त्यावर भरजरी कापड पांघरत. याला म्हणायचे ‘हर्स’. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ शेतातला दाताळ्यासारखा कुळव. दातांवर मेणबत्त्या खोचलेली चौकट तशी दिसे म्हणून ते नाव. तोच शब्द सरकत सरकत आज इंग्रजीत शववाहिनीसाठी वापरतात. शेतातून स्मशानात गेलेला शब्द.

आणखी एक मजा. सहसा अशा पुतळ्यांचे हात छातीवर जोडलेले असतात. बोशँपचे हात उघडे आहेत, दोन तळव्यांमध्ये अंतर आहे, आणि डोळे वर लागलेत. त्याची नजर जाते तिथे छताच्या दगडी कमानींच्या सांध्यावर मेरीची मूर्ती कोरलेली आहे. पुतळा, छत आणि खिडक्यांमधली रंगीत काच हे सगळं मिळून एकच देखावा होता: अर्लला स्वर्गाची राणी दिसते आहे. आता विचार करा, कोऱ्या पार्श्वभूमीवर थडगं एकटं छापलं की यातलं काय उरतं? माणूस वर बघतोय एवढं दिसतं. काय बघतोय ते कागदाबाहेर राहतं. या प्रकारच्या चित्रांचा सगळ्यात मोठा दोष मला हाच वाटतो. वस्तू अगदी नेमकी येते आणि जागा हरवते.

ओट्याच्या कडेने फिरणारा लेखही बघण्यासारखा. तो लॅटिनमध्ये नाही, इंग्रजीत आहे, आणि शब्दांच्या मध्ये विरामचिन्हांच्या जागी इवलीशी अस्वलं आणि खडबडीत सोटे आहेत. अस्वल आणि सोटा ही वॉरिकच्या अर्लांची निशाणी. लेखाची सुरुवात ‘याच्या आत्म्यासाठी भक्तिभावाने प्रार्थना करा’ अशा अर्थाची.

चिन्हांबद्दल एक ठोकून दिलेली थाप मात्र विसरून जा. पाय एकमेकांवर टाकलेला सरदार दिसला की तो क्रुसेडला, म्हणजे जेरुसलेमसाठीच्या धर्मयुद्धाला, जाऊन आला होता असं वाटाडे अजूनही सांगतात. ज्यांनी कधी जेरुसलेमची वाट धरली नाही अशांचेही पाय तसे कोरलेले आहेत. ती तेराव्या-चौदाव्या शतकातली कोरण्याची लकब होती, बाकी काही नाही. आणि स्वतः जेरुसलेमला जाऊन आलेल्या बोशँपचे पाय सरळच आहेत.

आता हे सगळं कागदावर कसं आलं ते बघू. लोक सरसकट ‘एन्ग्रेव्हिंग’ म्हणतात, पण त्यात दोन वेगळ्या रीती मिसळलेल्या असतात. पहिली रीत खरी कोरण्याची. घासून आरशासारखा केलेला तांब्याचा पत्रा वाळू भरलेल्या चामडी उशीवर ठेवायचा आणि पोलादी कोरणी ढकलत रेघ काढायची. वळण आलं की हात वळवायचा नाही, पत्रा फिरवायचा. अशी रेघ सुरुवातीला बारीक, मध्ये जाड आणि शेवटी पुन्हा निमुळती होते.

दुसरी रीत अम्लरेखनाची, आणि हॉलरचं बहुतेक काम या रीतीचं. पत्र्यावर मेण, राळ आणि डांबर यांचा पातळ थर द्यायचा, मेणबत्तीच्या धुराने तो काळा करायचा आणि सुईने त्यावर चित्र काढायचं. जिथे सुई गेली तिथे तांबं उघडं पडतं. मग वर तेजाब ओतायचं. उघड्या रेघा आम्ल खातं, झाकलेला भाग वाचतो. फिक्या हव्या असतील त्या रेघा आधी झाकून टाकायच्या, बाकीच्यांना आणखी खाऊ द्यायचं. सुईला तांब्याशी झगडावं लागत नाही म्हणून हात कागदावर फिरावा तसा मोकळा फिरतो. रेघेचं टोक मात्र बोथट राहतं, निमुळतं होत नाही. भिंग घेऊन रेघेचं टोक पाहिलं की कुठली रीत वापरली ते बरेचदा कळतं.

छपाई दोन्हींची सारखीच. जवसाच्या तेलात खललेली काळी शाई पत्र्यावर चोळायची, मग पृष्ठभाग पुसून काढायचा. शाई खाचांत उरते. वर ओलसर कागद आणि लोकरी कापड ठेवून पत्रा दोन रुळांमधून काढायचा. हे यंत्र दिसायला आपल्या उसाच्या चरकाच्या जवळचं, फक्त रूळ आडवे. दाबाने कागद खाचांत शिरतो आणि शाई उचलतो. पत्र्याच्या कडांचा चौकोनी ठसा कागदावर कायमचा उमटतो. सुटं चित्र विकत घेताना जाणकार आधी तो चौकोन बोटाने चाचपतात.

पत्र्यावरचं सगळं कागदावर उलटं येतं, हे वेगळं सांगायला नको. अक्षरं उलटी कोरावी लागतात. आपल्याकडे तांब्यावरून गीता छापली तेव्हा तांबटांना हेच करावं लागलं होतं. पुण्यात इंग्रज वकील मॅलेटच्या खटपटीने एक तांबट ही विद्या शिकला आणि नाना फडणविसांच्या आश्रयाने गीता छापायचा बेत झाला. १८०० मध्ये नाना वारले, आणि गीता निघाली ती १८०५ मध्ये मिरजेत, पटवर्धनांच्या आश्रयाने. थडग्याच्या चित्रात कोरणाऱ्याने मूळ रेखाटन उलटं करून घेतलं नसेल तर डावं-उजवं बदलतं. ओळखायची खूण सोपी: तलवार डाव्या कमरेला असते. उजवीकडे दिसली तर चित्र उलटं छापलं गेलं असण्याचीच शक्यता जास्त.

काळ्या शाईत रंग दाखवायची अडचण उरते. सरदारांच्या ढालींवरच्या चिन्हांत रंगालाच सगळी किंमत. बोशँपची ढाल लाल, तिच्यावर सोनेरी आडवा पट्टा आणि सहा सोनेरी क्रूस. रंग चुकला तर घराणं चुकलं. यावर सतराव्या शतकात एक तोडगा निघाला आणि तो अजून चालतो: ठिपके म्हणजे सोनेरी, कोरं म्हणजे रुपेरी, उभ्या रेघा म्हणजे लाल, आडव्या म्हणजे निळा, तिरप्या म्हणजे हिरवा, उभ्या-आडव्या जाळीचा अर्थ काळा. काही चित्रांत याऐवजी रंगांच्या नावांची आद्याक्षरं लिहिलेली असतात. हे एकदा माहीत झालं की काळं-पांढरं चित्र तुमच्या डोळ्यांपुढे रंगीत होतं.

चित्राच्या तळाशी बारीक लॅटिन शब्द असतात तेही सोडू नका. ‘डेलिनेआविट’ म्हणजे याने रेखाटलं, ‘स्कल्प्सिट’ म्हणजे याने कोरलं, ‘फेकिट’ म्हणजे याने केलं. रेखाटणारा आणि कोरणारा वेगळे असतील तर समजायचं की कोरणाऱ्याने कदाचित ते थडगं बघितलंही नसेल. जवळच एखादी ढाल आणि मोठं नाव दिसेल. ते पुरलेल्या माणसाचं नसतं, चित्राचा खर्च देणाऱ्याचं असतं. डगडेलने आपल्या पुस्तकांतली चित्रं अशीच वर्गणीतून उभी केली. मेलेल्या सरदाराच्या चित्राखाली जिवंत सरदाराची जाहिरात.

ही चित्रं काढायची घाई का झाली, यामागची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. सोळाव्या शतकात इंग्लंड रोमच्या पोपपासून वेगळं झालं. १५४७ मध्ये मृतांसाठी प्रार्थना म्हणायच्या सगळ्या देणग्या सरकारने खालसा केल्या. पर्गेटरी ही अंधश्रद्धा ठरली, आणि ‘आत्म्यासाठी प्रार्थना करा’ हे थडग्यांवरचे शब्द काही ठिकाणी छिन्नीने उडवले गेले. १५६० मध्ये राणी एलिझाबेथला जाहीर हुकूम काढावा लागला की थडगी फोडू नका, ती पूजेसाठी नाहीत, आठवणीसाठी आहेत. १६४० च्या सुमाराला राजा आणि संसद यांच्यात यादवी येणार हे दिसू लागलं, तेव्हा क्रिस्टोफर हॅटन नावाच्या सरदाराने डगडेलला आणि विल्यम सेजविक या चित्रकाराला कामाला लावलं: चर्च गाठा, थडगी रेखाटा, लेख उतरवून घ्या. १६४१ मध्ये दोघं सेंट पॉल्स, वेस्टमिन्स्टर, पीटरबरो, ईली, नॉरिच, लिंकन, यॉर्क असे फिरले. हॅटन घराण्याचा स्वतःचाही जीव त्यात होता. एलिझाबेथचा मंत्री असलेल्या आधीच्या क्रिस्टोफर हॅटनचं डोंगराएवढं स्मारक सेंट पॉल्समध्ये होतं.

भीती खोटी नव्हती. १६४३ मध्ये संसदेच्या बाजूचा सेनानी क्रॉमवेल याच्या शिपायांनी पीटरबरोच्या कॅथीड्रलची नासधूस केली. वॉरिकमध्ये बोशँपच्या चॅपलच्या काचा फुटल्या. सेंट पॉल्समध्ये घोडदळाचा तळ पडला. संसदेचा कायदा खरं तर राजे-सरदारांच्या स्मारकांना हात लावू नका असंच सांगत होता, फक्त तो माणूस संत मानला जात नसला पाहिजे, अशी अट होती. पण फौजेच्या हातात कुऱ्हाड असली की कायद्याचं कलम कोण वाचत बसतं.

आता हॉलरच्या चित्राची उलटतपासणी करू. १६४४ ते १६५२ हॉलर अँटवर्पला होता. तो परतला तेव्हा सेंट पॉल्सची थडगी बरीच खराब झालेली होती. त्यामुळे त्याने कोरलेल्या थडग्यांच्या चित्रांचा मोठा आधार म्हणजे सेजविकने १६४१ मध्ये केलेली रेखाटनं. म्हणजे १६५८ च्या कागदावर दिसतं ते १६५८ चं चर्च नाही. मोडतोड झाली नसती तर कसं असतं, ते त्यात आहे, एका राजनिष्ठ विद्वानाच्या मनासारखं. फुटकं काही दिसत नाही, कोपरे धारदार, अक्षरं वाचण्याजोगी. डगडेलला वंशावळीचा पुरावा हवा होता, त्यामुळे ढाली आणि लेख यांवर जीव ओतलेला. चेहरे मात्र एका साच्यातून काढल्यासारखे.

यात हॉलरचा दोष नाही. त्याच्या हाताखालून आयुष्यात अडीच हजारांवर पत्रे गेले. फ्रान्सिस प्लेस हा त्याचा ओळखीचा चित्रकार सांगतो की हॉलर समोर वाळूचं घड्याळ ठेवून तासावर मजुरी घ्यायचा. मध्ये कोणी बोलायला आलं तर घड्याळ आडवं करून ठेवायचा, गिऱ्हाइकाला गप्पांचे पैसे पडू नयेत म्हणून. १६७७ मध्ये तो गरिबीत वारला. शेवटच्या दिवसांत घरी जप्तीवाले आले तेव्हा निदान अंथरूण तरी राहू द्या असं तो म्हणाला, अशीही एक गोष्ट आहे.

मग विश्वास ठेवायचा किती? जिथे मूळ वस्तू उरली आहे तिथे ताडून बघता येतं. सेंट पॉल्समधलं एक स्मारक त्या आगीतून जवळजवळ धड बाहेर आलं: तिथला डीन, म्हणजे मुख्य पाद्री, आणि कवी जॉन डन याचा, कफन गुंडाळून कलशावर उभा असलेला, निकोलस स्टोनने केलेला संगमरवरी पुतळा. कलशावर आगीचे डाग अजून दिसतात. हॉलरने त्याचंही चित्र केलेलं आहे. आज त्या पुतळ्यासमोर उभं राहून कागदाशी तुलना करता येते.

वॉरिकचा अर्लही टिकला. १६९४ मध्ये वॉरिक गाव जळलं, चर्चचा मोठा भाग गेला, चॅपल मात्र वाचलं. सव्वाशे वर्षांनी एक वेगळ्या जातीचा साक्षीदार तिथे आला. चार्ल्स स्टॉथर्ड हा चित्रकार इंग्लंडभरच्या थडग्यांवरचे पुतळे मोजून, चाचपून, रंगाचे जुने थर शोधून काढत होता. वंशावळीशी त्याला कर्तव्य नव्हतं. चिलखताचा पट्टा कुठल्या बकलात अडकतो हे त्याला हवं होतं. त्याने बोशँपचा जड पुतळा उलटा करायला लावला. खाली पाठीवरचं चिलखतही पुढच्या भागाइतकंच बारकाईने घडवलेलं निघालं, पट्टे, बिजागऱ्या सकट. साडेतीनशे वर्षं ती पाठ चौथऱ्याला चिकटून होती. कोणी बघणार नव्हतं, तरी ऑस्टनने कसूर केली नव्हती. मध्ययुगीन चिलखतांच्या अभ्यासकांसाठी ती पाठ सोन्याची खाण ठरली, कारण इटालियन धाटणीचं पूर्ण चिलखत मागून कसं बांधायचे हे सांगणाऱ्या वस्तू फार थोड्या उरल्यात. १८२१ मध्ये डेव्हनमधल्या एका गावच्या चर्चमध्ये खिडकीचं चित्र उतरवून घेताना स्टॉथर्ड शिडीवरून पडून वारला. त्याचं अपुरं काम बायकोने आणि मेहुण्याने पुरं करून छापलं.

सेंट पॉल्सच्या तळघरात जुन्या चर्चमधल्या काही फुटक्या पुतळ्यांचे तुकडे ठेवलेत. त्यात सर निकोलस बेकन आहे, एलिझाबेथच्या दरबारातला बडा अधिकारी आणि तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकनचा बाप. काळवंडलेलं, मोडकं धड. त्याच्याशेजारी हॉलरचं चित्र धरलं तर पाय कुठवर होते, खांब कुठे होते ते दिसतं, आणि त्याच्याबरोबर झोपलेल्या त्याच्या दोन बायकाही दिसतात. तळघरात त्या दोघी नाहीत. गाँट आणि ब्लँचचं तर बोटसुद्धा नाही. आग लागली तेव्हा याच चर्चच्या पोटात, सेंट फेथच्या तळघरात, लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांनी आपला माल सुरक्षित राहील म्हणून आणून रचला होता. छत कोसळलं आणि तो कागद कित्येक दिवस जळत राहिला. गाँटचं थडगं आपल्याला दिसतं ते डगडेलच्या पुस्तकाच्या ज्या प्रती आधीच विकल्या जाऊन कुणाकुणाच्या घरी पोहोचल्या होत्या, त्यांच्यामुळे.